वांग, चेहऱ्यावरचे काळे डाग आणि घराण्यातून आलेली डोळ्याखालची वर्तुळं: काय लावायचं, काय अजिबात नाही

त्वचावैद्य_लातूर

मेडिकलवर जाऊन नुसतं "वांगाची ट्यूब द्या" म्हटलं की जी हातात पडते, तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे. धागा काढायचं मुख्य कारण ही ट्यूबच, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. माणूस खूश होतो, शेजारणीला नाव सांगतो. महिना-दोन महिन्यांनी ट्यूब थांबवली की चेहरा लाल होतो, आग होते, पुटकुळ्या येतात आणि वांग पहिल्यापेक्षा गडद दिसतो. मग वाटतं की ट्यूब बंद केली म्हणून असं झालं, आणि पुन्हा सुरू होते. सहा-आठ महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, ओठावर आणि हनुवटीवर लव वाढते, चुलीसमोर उभं राहिलं तरी चेहरा पेटल्यासारखा होतो. ट्यूब वाईट आहे असं मी म्हणत नाही. वांगासाठी हे मिश्रण खरंच काम करतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फक्त डागावर, फक्त रात्री आणि ६ ते ८ आठवडे. गोरं होण्याची क्रीम म्हणून वर्षभर चोळायचं ते औषध नव्हे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर उभी लाल रेघ असते. ती दिसली की थांबायचं. घटकांच्या यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यातलं एक जरी नाव असेल तरी ते स्टेरॉइड समजा.

जे कित्येक महिने लावतायत त्यांनी हा धागा वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. डॉक्टर एक तर सौम्य स्टेरॉइडवर आणून हळूहळू कमी करतात, किंवा टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉइडचं मलम देऊन मधला काळ निभावून नेतात. त्या काळात थंड पाण्याच्या घड्या, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. वांगाचे उपचार नंतर.

गोदाकाठ_नांदेड

डॉक्टर, दोन प्रश्न. गालावर दोन्ही बाजूंनी सारखे तपकिरी पट्टे असतील तर तो वांगच समजायचा का? आन् डोळ्याखालचं काळं आजीपासून चालत आलेलं असेल तर ते जातच नाही म्हणतात, हे खरंय का? गावाकडं सगळ्याला एकच नाव, "काळवंडलंय". आणि सगळे एकच ट्यूब लावायलेत.

त्वचावैद्य_लातूर

ताई, दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, तो मोठा आहे. आधी पहिला.

दोन्ही गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ यांवर सारखे तपकिरी चट्टे, कडा वाकड्यातिकड्या पण स्पष्ट, खाज नाही, खपली नाही, तर बहुतेक वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन, उष्णता आणि आई-मावशीला असणं, ही त्याची कारणं. पुरुषांनाही होतो, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यांना.

पण पुढच्या गोष्टी वांग नव्हेत, आणि त्यांवर वांगाचं औषध लावलं तर नुकसान होतं.

कपाळाच्या कडा, कानशिलं आणि मान मखमलीसारखी जाड व काळी झाली असेल, काखेतही तसंच असेल, तर ती इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. वजन उतरलं की हे उतरतं. घासून जात नाही. मान घासून घासून लाल केलेले पेशंट रोज येतात, कृपा करून घासू नका.

ताप, सांधेदुखी आणि नंतर नाकाच्या शेंड्यावर, गालावर काळसर ठिपके, तर चिकुनगुनियानंतरची काळवंड. काही महिन्यांत आपोआप फिकी होते. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, बाकी काही नको.

बोटांच्या पेरांवरही काळेपणा, सोबत मुंग्या येणं, जीभ गुळगुळीत, तर बी-१२ ची कमतरता. दूध-दही फारसं पोटात न जाणाऱ्या शाकाहारी घरांत हे बरंच दिसतं. हिरड्या, गालाची आतली बाजू, तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या, चक्कर येते, वजन उतरतंय, तर वाट बघू नका, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची तपासणी लागते.

एकाच बाजूला, डोळ्याभोवती आणि कानशिलावर निळसर-राखाडी डाग, आणि त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागातही निळसर छटा, तर तो 'ओटाचा नीलडाग'. मलमाने जात नाही, लेझरने जातो, पण आधी डोळ्याचा दाब बघून घ्यायचा.

शेतशिवार_हिंगोली

यात आपल्या भागातलं एक मोठं कारण राहून गेलं: गाजर गवत. त्याच्या फुलांचा आणि वाळलेल्या भुग्याचा कण हवेतून येतो. ज्याला त्याची ॲलर्जी झाली त्याच्या पापण्या, मान, कानामागचा भाग, कोपराची खोबण आधी खाजते आणि मग काळी, जाड होते. पावसाळ्यात गवत फुलावर आलं की वाढतं, उन्हात गेलं की अजून भडकतं. वर्षानुवर्षं खुरपणी करणाऱ्यांच्या पापण्या काळ्या पडतात त्याला "उन्हानं काळवंडलं" म्हणून सोडून देतात.

गवत फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. ज्याला त्रास आहे त्यानं उपटायला जाऊच नाही, दुसऱ्याला सांगावं. वाळलेलं जाळू नका, धुरानं भडका उडतो. बांधावर तरोटा (टाकळा) माजू दिला तर तो गाजर गवताला दाबतो. मेक्सिकन भुंगे सोडले तर पानं खातात, पण एका शेतानं सोडून भागत नाही, शिवारानं मिळून सोडायला पाहिजेत.

दुसरं बिब्बा. टाचेच्या भेगांना, काटा मोडला त्याला लावायची पद्धत आहे. त्याचं तेल चेहऱ्याला हाताबरोबर लागलं की फोड येतो, आणि फोड बरा झाल्यावर जो काळा डाग राहतो तो कित्येक महिने हलत नाही. बिब्बा फोडलेल्या हातानं डोळे चोळले की पापण्या सुजून बंद होतात. साबणानं लगेच धुवा, वर तेल-तूप चोळत बसू नका, त्यानं पसरतं.

त्वचावैद्य_लातूर

अगदी खरं दादा. याच रांगेत अजून तिघे: भेसळीचं कुंकू, केसांचा कलप आणि सुवासिक तेल.

हळदीपासून केलेलं कुंकू सहसा त्रास देत नाही, पण स्वस्त रासायनिक रंगाचं कुंकू कपाळावर, भांगात नेमक्या त्याच आकाराचा काळा-निळसर डाग पाडतं. टिकलीच्या गोंदाने उलटं होतं, तिथे पांढरा डाग पडतो, आणि तो कोड पसरल्यासारखा वाढू शकतो. तो दिसला की टिकली कायमची बंद. कलपातलं आणि बाजारातल्या 'काळ्या मेंदी'तलं पीपीडी हे रसायन कपाळाची कड, कानशिलं आणि कानाच्या पाळ्या काळ्या करतं. खाज आलीच पाहिजे असं नाही, म्हणून ते ध्यानात येत नाही. कारण थांबवलं नाही तर वर कितीही महाग सीरम लावा, डाग हलत नाही.

त्वचावैद्य_लातूर

आता डोळ्याखालची वर्तुळं. "घराण्यातून आलीय" हे उत्तर अर्धंच आहे, कारण घराण्यातून चार वेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि चारींचा उपाय वेगळा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, आरसा समोर धरून बघा.

डोळ्याखालची कातडी दोन बोटांनी हलकी ताणा. रंग तपकिरीच राहिला, तर तो रंगद्रव्याचा आहे. ताणल्यावर निळसर-जांभळा होऊन अजून उठून दिसला, तर खालच्या रक्तवाहिन्या पातळ कातडीतून दिसतायत. पापणीची कातडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते, शरीरातली सगळ्यात पातळ.

मग मान वर करून चेहरा सरळ उजेडाकडे करा, किंवा समोरून बॅटरी मारा. काळेपणा नाहीसा झाला, तर ती सावली होती. डोळा आणि गाल यांच्यामधल्या खळीची किंवा फुगलेल्या पिशवीची. ही खळी हाडांच्या ठेवणीतून येते, आणि आजी-आई-मुलगी तिघींत तशीच दिसते.

चौथा प्रकार म्हणजे सगळ्याचं मिश्रण, आणि प्रत्यक्षात हाच सगळ्यात जास्त. आपल्या वर्णात पापण्यांपासून गालाच्या वरच्या कडेपर्यंत जरा गडद छटा असणं हे कित्येक घराण्यांत जन्मजात असतं. तो रोग नाही. लहान मुलाला तशी छटा असेल तर त्याला काही लावू नका.

घराण्याच्या रंगावर जी भर पडते ती मात्र आपल्या हातात असते. ॲलर्जीने डोळे चोळणं सगळ्यात वाईट. सकाळी शिंका, नाक खाजतं, डोळे चोळायची सवय आणि खालच्या पापणीखाली आडवी घडी, असं असेल तर आधी नाकाचा उपचार. त्यानंतर रक्त कमी असणं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. कातडी फिकी पडली की खालचं काळं दुप्पट दिसतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही बघा, नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून सोडू नका. काचबिंदूचे काही थेंब, उदाहरणार्थ बिमॅटोप्रोस्ट, पापण्या काळ्या करतात. थेंब मात्र स्वतःहून बंद करायचे नाहीत, नेत्रतज्ज्ञांना विचारायचं.

जातं का? रंगद्रव्याचं काळं एक-दोन छटांनी उतरतं, पुसलं जात नाही. निळसर प्रकार क्रीमने थोडाच हलतो. सावली क्रीमने हलत नाही, एक पैसाही घालू नका.

गोदाकाठ_नांदेड

बॅटरीची युक्ती लगेच करून बघण्यासारखी. मग तपकिरी प्रकाराला नेमकं काय लावायचं, किती?

औषधालय_परभणी

डॉक्टरांनी दुरुस्त करावं. आम्ही चिठ्ठ्यांवर जे बघतो आणि समजावून सांगतो ते असं.

सकाळी बिनसाबणाच्या सौम्य फेसवॉशनं धुवून टिपायचं, दस्तीनं रगडायचं नाही. व्हिटॅमिन सी १० टक्के किंवा नायसिनमाइड ४-५ टक्के, दोन्हीपैकी एक. दोन डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढं. अनामिकेनं, डोळ्याच्या खोबणीचं हाड हाताला लागतं त्यावर टिपायचं, पापणीच्या कडेला नाही. औषध अंगच्या उबेनं स्वतः वर सरकतं. वरून मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन.

रात्री आठवड्यातून दोनदाच रेटिनॉल ०.१ टक्के, तेही आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. तीन आठवडे आग झाली नाही तर एक रात्र वाढवा. चेहऱ्याची ट्रेटिनॉइनची ट्यूब डोळ्याखाली स्वतःच्या मनानं लावू नका. लोक लावतात, कातडी सोलते, सोललेली जागा खाजते, खाज आली की चोळतात, आणि काळेपणा वाढवून परत येतात.

नवीन काहीही आधी कानामागं किंवा कोपराच्या आत सलग ५ रात्री लावून बघा. निकाल १२ आठवड्यांनी, त्याआधी बदलू नका. कातडीचा वरचा थर बदलायलाच महिना लागतो.

गालावरच्या वांगासाठी चिठ्ठीशिवाय चालण्यासारखं त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणजे ॲझेलेइक ॲसिड १० टक्के, एक दिवसाआड, वाटाण्याएवढं. पहिले आठ दिवस मुंग्या चावल्यासारखं होतं, ते चालतं. लाल होऊन सुजलं तर नाही चालत. कोजिक ॲसिड काहींना ॲलर्जी करतं, ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

त्वचावैद्य_लातूर

बरोबर आहे. एकच भर: गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन तिन्ही बंद. ॲझेलेइक, नायसिनमाइड, व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीन चालतं. गरोदरपणातला वांग बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा आपोआप उतरतो, तोवर घाई नको.

ऊसतोड_बीड

सनस्क्रीन, सनस्क्रीन सगळे म्हणायलेत. फडात सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाम गाळणाऱ्या बाईनं दर दोन तासाला सनस्क्रीन कुठून लावायचं? जमण्यासारखं सांगा.

औषधालय_परभणी

योग्य प्रश्न आहे. फडात, कापसाच्या वेचणीत, रोहयोच्या कामावर आधी कापड, मग सनस्क्रीन. दाट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड दुहेरी करून कपाळ, गाल, नाक झाका. उजेडाकडे धरून पलीकडचं दिसत असेल तर ते कापड ऊनही आत सोडतं. पांढरी विरळ ओढणी म्हणूनच पुरत नाही, आणि घामानं ओली झाली की अजून कमी अडवते. वरून रुंद काठाची टोपी, काठ चारी बाजूंनी ३ इंच तरी. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. ११ ते ४ यातलं जितकं काम सावलीत सरकवता येईल तितकं सरकवा. सनस्क्रीन एकदाच जमणार असेल तर कामावर निघण्याआधी २० मिनिटं लावा आणि उरलेला दिवस कापडावर भिस्त ठेवा.

गाडीवर, ऑफिसात जाणाऱ्यांसाठी एसपीएफ ३० ते ५०, पीए तीन अधिक (ट्यूबवर PA+++) किंवा जास्त. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक लोक याच्या पाव हिश्श्यात भागवतात आणि "सनस्क्रीननं फरक पडत नाही" म्हणतात. दिवसातून दोनदा नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपते. तीन महिने पुरली तर लावणंच कमी पडतंय.

वांगाला साधं सनस्क्रीन पुरत नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. डोळ्याला दिसणारा उजेडही आपल्या वर्णाचा वांग गडद करतो. त्याला आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. घटकांच्या यादीत ते नाव शोधा. आणि चुलीची, भट्टीची धग सनस्क्रीननं थांबत नाही. भाकरी करताना तोंड जाळावर वाकवू नका, शक्य असेल तर चूल थोडी उंच घ्या.

रंगरेषा_जालना

पार्लरचं काम शिकवते, म्हणून तिकडचं सांगते. वांग असलेल्या चेहऱ्याला ब्लीच करू नका. लव पिवळी होते म्हणून तात्पुरता चेहरा उजळ दिसतो, पण अमोनियाची आग बसली की नंतर तिथंच काळं धरतं. वरच्या ओठाचं थ्रेडिंग केल्यावर त्या दिवशी उन्हात जाऊ नका, तिथली काळी पट्टी कित्येकदा त्यातूनच येते. मसूर डाळ, अक्रोडाची भरड, बेसनाचं घट्ट उटणं डोळ्याखाली कधीच नाही. बेसन-हळद-साय गालाला लावायची असेल तर लावा, पण वाळायच्या आत ओल्या हातानं काढा, खरवडू नका. लिंबू बंदच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा डाग पडतो. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, तेही नाही.

डोळ्याखाली झाकायचंच असेल तर तपकिरीला नारिंगी छटेचं, निळसरला पीच छटेचं करेक्टर, अगदी पातळ, वरून कातडीच्या रंगाचं कन्सीलर. रात्री काढताना तेलाच्या बोळ्यानं, दाबून धरून, ओढून नाही.

त्वचावैद्य_लातूर

रंगरेषाताई, फार चांगलं लिहिलंत.

आता बाजारातल्या बिननावाच्या क्रीमबद्दल, कारण हे जिवावर बेततं. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. पारा रंगद्रव्य बनवणारं एन्झाइम थांबवतो, म्हणून परिणाम झटपट दिसतो. तोच पारा कातडीतून मूत्रपिंडात जातो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचे आजार आढळले. आपल्याकडच्या नियमांत साध्या सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दशलक्षात १ भागापेक्षा जास्त चालत नाही.

ओळखायचं कसं? डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना किंवा आयात नोंदणी क्रमांक नाही, भाषा परदेशी. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड. सूचनेत "सोन्या-चांदीला लागू देऊ नका" असं लिहिलं असेल तर ती क्रीम जागेवर ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. वापरत असाल आणि लघवीला फेस येत असेल, सकाळी डोळे सुजत असतील, पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी लघवीतलं प्रथिन तपासा. टॉवेल आणि उशीच्या अभ्ऱ्यातून पारा लेकरांपर्यंतही जातो.

गोदाकाठ_नांदेड

आणि लेझर? ग्लुटाथायोनची सुई? शहरात जिथं तिथं पाट्या लागल्यात.

त्वचावैद्य_लातूर

ग्लुटाथायोनच्या सुईला रंग उजळण्यासाठी मान्यता नाही. घेऊ नका.

लेझर वांगावर पहिला उपाय कधीच नसतो. आपल्या वर्णात तीव्रता जरा जास्त झाली की कातडी भाजून अजून काळी पडते, किंवा पांढरे ठिपके राहतात, आणि ते ठिपके वांगापेक्षा चिवट. आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत मारायचा उपचार) तर सावळ्या चेहऱ्यासाठी नकोच. ग्लायकोलिक पील (आम्ल लावून कातडीचा वरचा थर उतरवणं) २० ते ३५ टक्के चालतं, पण आधी २ ते ४ आठवडे औषधाने कातडी तयार करून, आणि एप्रिल-मेमध्ये नाही. डोळ्याखालच्या खळीत फिलर (जेलसारखं द्रव्य) सुईने भरतात, खळीच्या सावलीवर तो उपाय चालतो. पण सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते. चेहऱ्याच्या शरीररचनेचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडेच, ब्युटी क्लिनिकच्या मदतनिसाकडून कदापि नाही.

वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण ८ ते १२ आठवडे. पाळीतला जास्त रक्तस्राव थांबवायला मोठ्या मात्रेत देतात तीच गोळी. गोठलेलं रक्त विरघळू देत नाही, म्हणून पायात गाठ झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला, गर्भनिरोधक गोळ्या चालू, गरोदर, यांना नाही. थांबवल्यावर वांग परतही येतो. मेडिकलवरून नाव सांगून घेऊ नका.

हायड्रोक्विनोन ३-४ महिन्यांपेक्षा जास्त सलग लावलं तर गालावर माशाच्या अंड्यांसारखे बारीक निळे-काळे दाणे येऊ शकतात. ते सहजी जात नाहीत. काळं वाढतंय म्हणून जास्त लावणारे याच फेऱ्यात अडकतात.

ऊसतोड_बीड

दाखवायचं कुठं? खाजगीला परवडत नाही.

त्वचावैद्य_लातूर

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. केस पेपर काढून सकाळी लवकर जा.

जाताना चेहऱ्यावर काही लावू नका, मेकअप तर नाहीच. वुड्स लॅम्पचा निळसर उजेड मारून डाग वरच्या थरात आहे की खोल, याचा अंदाज घेतात आणि पावडरीनं तो फसतो. मोबाईलमध्ये गेल्या वर्ष-दोन वर्षांचे फोटो असतील तर दाखवा. यापुढे महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढत जा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, कलपाची पाकिटं, कुंकवाची डबी, रिकाम्या असल्या तरी एका पिशवीत घालून न्या. फेकून देऊ नका. "पांढऱ्या रंगाची ट्यूब होती, नाव आठवत नाही" म्हटलं की आम्हाला अंदाजावर चालावं लागतं.

गोदाकाठ_नांदेड

कुंकवाची डबी न्यायचं डोक्यातच नसतं आलं. उद्याच पिशवी भरते.